सिग्नल बिघडला तरी गाडी सुटते

या आठवड्यात आमच्या नागभीड भागातल्या एका सरकारी दवाखान्यात केसपेपरची खिडकी सकाळभर बंद होती. नाव सांगत नाही, कारण पुढच्या आठवड्यात दुसऱ्या दवाखान्याची पाळी असणार. डॉक्टर हजर, सिस्टर हजर, औषधं हजर, पहिल्या एसटीने आलेले पेशंट हजर. गैरहजर एकटं इंटरनेट. "नेट नाही जी, थांबा," एवढंच खिडकीतून ऐकू येत होतं.

यावर वरून आलेला उपायही ठरलेलाच: स्पीड वाढवून देऊ. या सदराच्या जुन्या वाचकांना माझं या विषयावरचं मत ठाऊक आहे, तरी एकदा पुन्हा सांगतो. तुटलेल्या तारेतून १० एमबीपीएसही जात नाही आणि १०० एमबीपीएसही जात नाही. दवाखान्याला वेगापेक्षा भरवसा लागतो, आणि भरवसा टेंडरमध्ये मोजता येत नाही म्हणून कुणी मागतच नाही.

भरवशाचं जाळं कसं असतं ते शिकायला नागभीडकरांना बंगळुरूला जायची गरज नाही. स्टेशनापर्यंत गेलं तरी पुरे. नागपूरची नॅरोगेज नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद झाली, त्या कामाबद्दल मला आज बोलायला लावू नका. गोंदिया-बल्लारशाह लाईन मात्र चालू आहे. २४० किलोमीटरची ही लाईन दुपदरी करायला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली ती एप्रिल २०२५ मध्ये. म्हणजे इतकी वर्षं एकाच रुळावरून जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या. चूक झाली तर समोरासमोर धडक. इतकं जिवावरचं काम असूनही "सिस्टिम बंद आहे, उद्या या" अशी पाटी लावून स्टेशनमास्तर घरी गेला, असं कुणी ऐकलं आहे का?

रेल्वेची माणसं फार हुशार असतात असं नाही. त्यांच्या नियमपुस्तकानं मुळात एक गोष्ट मान्य केली आहे: यंत्र बिघडणारच. म्हणून सिग्नलची रचनाच अशी, की बिघाड झाला तर तो लाल होतो. खोटा हिरवा दाखवण्यापेक्षा गाडी उभी राहिलेली बरी. पण ती कायमची उभी राहत नाही. दोन स्टेशनांमधलं ब्लॉक यंत्र बंद पडलं, तर दोन्ही मास्तर फोनवर बोलतात. बोलणारा खरंच पलीकडचा मास्तर आहे याची खूण म्हणून एकमेकांना प्रायव्हेट नंबर देतात, तो नोंदवून ठेवतात, आणि मग ड्रायव्हरच्या हातात छापील कागद पडतो: पेपर लाईन क्लिअर तिकीट. अप गाडीला टी/सी १४२५, डाऊन गाडीला टी/डी १४२५. काम सावकाश होतं, पण गाडी सुटते. तो फॉर्म ऐनवेळी वहीचं पान फाडून बनवलेला नसतो. आधीच छापलेला, क्रमांक टाकलेला, मास्तरच्या ताब्यात असतो, आणि तो कसा भरायचा याचं शिक्षण मास्तरने घेतलेलं असतं.

आणखी एक रिवाज मला त्याहून मोलाचा वाटतो. सिग्नलच्या माणसाला वायरिंग उघडायचं असेल, तर तो आधी मास्तरला लेखी डिस्कनेक्शन मेमो देतो. काम झालं, तपासणी झाली, की रिकनेक्शन मेमो. मधल्या काळात ते यंत्र भरवशाचं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. ही शिस्त सुटली की काय होतं ते २ जून २०२३ रोजी ओडिशातल्या बहानगा बाजारच्या रेल्वे अपघातात दिसलं. सिग्नलच्या सर्किटमध्ये चुकीचे बदल झालेले, ते पुरते तपासले गेले नव्हते, आणि २९० हून अधिक माणसं गेली. रेल्वेला मी देव्हाऱ्यात बसवत नाही. तिचा नियम चांगला आहे आणि तो मोडला की माणसं मरतात, इतकंच म्हणतो.

आता हीच फूटपट्टी दवाखान्याला लावा. नेट गेलं की केसपेपरचा छापील, क्रमांक टाकलेला गठ्ठा खिडकीत आहे का? नाही. नेट परत आल्यावर हातच्या नोंदी कुणी आणि कधी चढवायच्या, हे ठरलं आहे का? नाही. लॅबचा रिपोर्ट फोनवर सांगायची वेळ आली, तर ऐकणाऱ्याने पेशंटचं नाव, नोंदणी क्रमांक आणि आकडा परत म्हणून दाखवायचा, असा नियम भिंतीवर आहे का? भिंतीवर आहे ते उद्घाटनाच्या दिवशीचं छायाचित्र. आणि राऊटरला हात लावायला मेमो वगैरे काही लागत नाही. मोबाईल चार्ज करायला जागा हवी असली की त्याचाच प्लग काढतात.

जाळं नीट बांधणं म्हणजे काही चंद्रावर जाणं नव्हे. नोंदणीचं सॉफ्टवेअर दवाखान्यातल्याच एका मशिनवर चालावं आणि नेट आलं की नोंदी वर जाव्यात. मग बाहेरची तार तुटली तरी खिडकी चालू. बाहेरचे मार्ग दोन हवेत, आणि ते खरोखर वेगळे हवेत. दोन कंपन्यांची दोन सिम घेतली, पण दोघींचे अँटेना एकाच टॉवरवर, तर तो एकच मार्ग. दोन केबल एकाच चरात टाकल्या, तर जेसीबीला त्या एकदमच सापडतात. कॉम्प्युटरला यूपीएस असतो, पण स्विच आणि राऊटर थेट भिंतीच्या प्लगवर. लाईट गेली की सगळे कॉम्प्युटर चालू आणि जाळं झोपलेलं. स्विचची पेटी स्टोअररूममध्ये ब्लिचिंग पावडरच्या पोत्यांशेजारी ठेवली तर क्लोरीन तिचे तांब्याचे जोड खाणार. एका इमारतीतून दुसरीत जाणारी लाईन तांब्याची नको, फायबरची हवी. तांब्याच्या लॅन केबलची मर्यादा १०० मीटर, शिवाय वीज कडाडली की तिच्यातून येणारा झटका दोन्ही टोकांचे स्विच जाळतो. फायबरमधून तो येत नाही. छतावरून लोंबती केबल सोडाल तर वानरं तिचा झोका करतील, हे मी आमच्याकडच्या वाचकांना सांगायला नको.

तसंच अर्थिंग. हो, पुन्हा अर्थिंग. मागच्या पावसाळ्यात मी त्यावर लिहिलं तेव्हा दोन इंजिनिअर वाचकांनी माझी चेष्टा केली होती. माझ्याकडे आकडेवारी नाही, पण पैज लावायला तयार आहे: आपल्याकडचे निम्मे 'सर्व्हर डाऊन' हे मुळात अर्थिंग डाऊन असतात. खड्ड्यात कोळसा-मीठ घालून वर्षातून चार वेळा पाणी ओतणाऱ्या माणसाचं पद मंजूर करा, आणि मग मला खोटं ठरवा.

आपण खेड्यातले म्हणून हे हाल, असंही समजू नका. दिल्लीच्या एम्सवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि देशातलं एवढं मोठं रुग्णालय जवळपास दोन आठवडे हातच्या कागदावर चाललं. सरकारनेच संसदेत कारण सांगितलं: नेटवर्कचे विभाग नीट वेगळे केलेले नव्हते. म्हणजे एका खोलीतली आग दुसऱ्या खोलीत जाऊ नये म्हणून लागणारी भिंतच नव्हती. आपल्याकडेही लॅब, औषधभांडार, सीसीटीव्ही आणि नातेवाइकांचं फुकट वायफाय एकाच स्विचवर नांदतं. त्याच वर्षी राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतली एचएमआयएस ही रुग्णांच्या नोंदींची प्रणाली बंद पडली. तिथे ना तार तुटली ना व्हायरस आला. कंत्राटाचा वाद झाला. बिघाडाच्या यादीत उंदीर, वीज आणि जेसीबीबरोबर कंत्राटदारही धरावा लागतो. आपल्या पेशंटच्या नोंदींची प्रत आपल्याच कपाटात, जाळ्यापासून सुटी केलेल्या डिस्कवर हवी.

पैसे नाहीत म्हणाल, तर मला हसू येईल. नवीन मशिनला पैसे असतात, कारण मशिनला फीत बांधता येते. कपाटात ठेवलेल्या जादा स्विचला, केबलवर चिकटवलेल्या चिठ्ठीला आणि छापील केसपेपरच्या गठ्ठ्याला फीत बांधता येत नाही. खरेदीचा कार्यक्रम होतो, देखभालीचा होत नाही.

हा तोटा कुणाला होतो, तेही बघा. नागभीडहून पेशंट पाठवायचा तर ब्रह्मपुरी, तिथून गडचिरोली, चंद्रपूर किंवा नागपूर. नागपूर शंभर किलोमीटरवर. खिडकीत गेलेले दोन तास त्या वाटेवर भरून निघत नाहीत. साप चावलेल्या माणसाला इंजेक्शन द्यायला इंटरनेट लागत नाही, आणि लागूही नये. जे जिवावर बेततं ते नेटवर अवलंबून ठेवायचं नाही, हा जाळ्याच्या आखणीतला पहिला नियम. स्पीडचा क्रमांक त्याच्या बराच खाली लागतो.

म्हणून रुग्ण कल्याण समितीच्या सभासदांना एकच विनंती. नव्या नेटवर्कच्या टेंडरवर सही करण्याआधी वैद्यकीय अधीक्षकांना रीतसर लेखी कळवून, ओपीडीच्या वेळात एक तास राऊटरचा प्लग काढायला लावा आणि खिडकीसमोर उभे राहा. त्या तासात केसपेपर निघाला, लॅबचा रिपोर्ट वॉर्डात पोचला आणि औषध मिळालं, तर खुशाल सही करा. नाही मिळालं, तर फाईल परत पाठवा आणि आधी तो छापील गठ्ठा मागवा.