जोडीने या, जोडीने!

लग्नाच्या मंचावर फोटोग्राफरचा एक आवाज हमखास कानी पडतो. "मामा-मामी, जोडीने या! काका-काकू, जोडीने!" तो बिचारा आपले काम करीत असतो. जोडी उभी राहिली की फोटो भरल्यासारखा दिसतो आणि रांगही लवकर सरकते. पण जिची जोडी राहिलेली नाही तिने या हाकेला काय उत्तर द्यावे? ती पदर सावरते आणि दोन पावले मागे सरते.

वाचक भगिनी-बंधूंनो, आपल्या घरातला लग्नाचा अल्बम आज जरा या नजरेने चाळून पाहा. आमच्या परिचयाच्या एका घरात १९९१ सालचा अल्बम आहे. लग्नाच्या दोन वर्षे आधी मुलीचे वडील गेले. आईने चार घरची धुणीभांडी करून, पतपेढीचे कर्ज काढून लेकीचा मंगल परिणय घडवून आणला. त्या काळी छत्तीस फोटोंचा एक रोल, असे तीन रोल खर्ची पडले. भगवान बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या, शुभ्र साडीतली नवरी, बौद्धाचार्य, सगळे कसे स्वच्छ आले आहे. मुलीचे पालक म्हणून मात्र मामा-मामी उभे. आई एकाच फोटोत सापडते, तीही पंगतीच्या. हातात बुंदीचे ताट, आणि चेहरा अर्धाच आलेला.

ही माऊली २०१२ साली कालकथित झाली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तसबीर हवी म्हणून शोधाशोध झाली, तेव्हा शेवटी मतदार ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून घ्यावा लागला. लेक आम्हाला म्हणाली, "माझ्या लग्नात सगळं आईनंच केलं. पण माझ्या लग्नातली आई मला कुठं दिसतच नाही."

तिला कोणी "मागे हो" म्हटले होते का? नाही. तीच भावाला म्हणाली होती, "तू आन् वहिनी उभे राहा, बरं दिसतं." हे "बरं दिसतं" कोठून आले, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. आपण मुहूर्त सोडला, पत्रिका सोडली, अक्षतांच्या जागी फुलांच्या पाकळ्या आणल्या. त्रिशरण-पंचशील घेताना किंवा वधू-वरांना प्रतिज्ञा देताना, आईच्या कपाळी कुंकू आहे की नाही हे कोणी विचारीत नाही. विधीत जे नाही ते फोटोत कसे शिरले? आमच्या मते ते मनातून गेलेलेच नव्हते, फक्त मंचाच्या कडेला जाऊन उभे होते.

राजगृहातला १९३४ सालचा बाबासाहेबांच्या कुटुंबाचा फोटो आपल्यापैकी बहुतेकांच्या पाहण्यात आहे. बाबासाहेब, रमाई, यशवंतराव, पुतणे मुकुंदराव, आणि रमाईंच्या शेजारी मोठ्या वहिनी लक्ष्मीबाई. मोठे भाऊ तेव्हा हयात नव्हते. वहिनी कडेला नाहीत, मागेही नाहीत, घरच्या माणसांत घरच्यासारख्या आहेत. लाडका कुत्रा टॉबीसुद्धा त्या फोटोत आला आहे!

आताचे अल्बम जाडजूड झाले. करिश्मा अल्बमचे एकेक पान पाटाएवढे. नवरा-नवरी महाबळेश्वरलाही गेलेली नसतात आणि पानावर मागे स्वित्झर्लंडचे डोंगर! हौस आहे, असू द्या. पण हजार फोटो काढूनही आजी नाही, विधवा आत्या नाही, असे अल्बम आम्ही गेल्या दोन-तीन वर्षांतही पाहिले आहेत.

म्हणून घरात लग्न ठरले असेल तर एवढे करा. फोटोग्राफरला आगाऊ दहा-बारा नावांची यादी द्या, आणि ती माणसे ओळखणारा एखादा भाचा-पुतण्या त्याच्या शेजारी उभा करा. "जोडीने या" ऐवजी "घरचे या" म्हणायला त्याला सांगा. आई एकटी असेल तर तिची खुर्ची मधोमध मांडा. ती नको म्हणेल, तिचे ऐकू नका. आणि जुने अल्बम असतील तर घरातली वडीलधारी माणसे आहेत तोवर त्यांच्यापाशी बसून, पानाच्या क्रमाने, कोण कोण उभे आहे ते वहीत लिहून घ्या. ती वही अल्बमच्याच पिशवीत ठेवा.

वर सांगितलेल्या लेकीला आम्ही आणखी एक सुचविले. त्या काळी सगळेच फोटो अल्बमात लागत नसत. काही निगेटिव्हमध्येच राहून जात. तिने कपाट उपसले, तर एका पाकिटात पट्ट्या निघाल्या. त्यांवरून आजही स्टुडिओत फोटो करून मिळतात. सध्या ती संध्याकाळी एकेक पट्टी ट्यूबलाइटसमोर धरून पाहते आहे. निगेटिव्हमध्ये काळे केस पांढरे आणि पांढरी साडी काळी दिसते, त्यामुळे ओळखायला वेळ लागतो. दोन पट्ट्या पाहून झाल्या, अजून बऱ्याच बाकी आहेत.