आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी

१५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स ही दीडशे वर्षांची अमेरिकन वित्तसंस्था दिवाळखोरीत निघाली. बाजारपेठेत सरकारने लुडबुड करू नये, असा उपदेश जगाला करणाऱ्या अमेरिकेवर त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांत सरकारी तिजोरी उघडण्याची वेळ आली. संकटातील बँकांसाठी ७०० अब्ज डॉलर मंजूर झाले. फेब्रुवारी २००९ मध्ये ७८७ अब्ज डॉलरची दुसरी योजना आली. फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेने तर नवा पैसा निर्माण करून रोखे विकत घेण्याचा सपाटाच लावला. २००८ च्या मध्यास सुमारे ९०० अब्ज डॉलर असलेली तिची मालमत्ता २०१४ अखेर साडेचार हजार अब्जांच्या घरात पोहोचली. एवढ्या खटाटोपाने महामंदी टळली काय?

टळली, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. १९२९ नंतर अमेरिकेने हात आखडता घेतला, तेव्हा हजारो बँका बुडाल्या आणि १९३३ मध्ये दर चार कामगारांमागे एक बेकार झाला. २००८ नंतर बेकारी दहा टक्क्यांवर थांबली. सगळेच खर्च आवरतात तेव्हा सरकारने खर्च वाढवावा, हे केन्स यांचे प्रतिपादन पोकळ नव्हते. घराला आग लागली असता पाण्याच्या बिलाची चिंता करीत बसणे शहाणपणाचे नसते.

परंतु पाणी कोणत्या घरावर ओतले गेले, हा प्रश्न उरतोच. ज्यांच्या बेफिकिरीने आग लागली, त्या बड्या वित्तसंस्था प्रथम वाचविण्यात आल्या. सरकारी पैशावर तगलेल्या एआयजी या विमा कंपनीने २००९ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना कोट्यवधी डॉलरचे बोनस वाटले. त्याच काळात कर्जाचे हप्ते थकलेली लक्षावधी कुटुंबे मात्र घराबाहेर पडत होती. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, याहून वेगळे ते काय?

नोटा छापल्या की महागाई भडकणारच, हे भाकीत मात्र तेव्हा अमेरिकेत खरे ठरले नाही. नवा पैसा बहुतांशी बँकांच्या खात्यांतच पडून राहिला. बाजारात तो फिरलाच नाही. २०२० च्या महामारीत चित्र पालटले. पैसा थेट लोकांच्या हाती गेला आणि मालाचा पुरवठा मात्र खंडित झाला. पुढे युक्रेन युद्धाने इंधन महागले. जून २०२२ मध्ये तेथील महागाई ९.१ टक्क्यांवर, म्हणजे चाळीस वर्षांतील उच्चांकावर गेली. पैसा वाढला आणि वस्तू वाढल्या नाहीत, तर भाव चढतात, हे सत्य कोणत्याही छापखान्याला बदलता आलेले नाही.

भारतानेही हा अनुभव घेतला आहे. डिसेंबर २००८ ते फेब्रुवारी २००९ या काळात केंद्र सरकारने तीन उत्तेजन योजना जाहीर केल्या. उत्पादन शुल्क घटविले, रिझर्व्ह बँकेने व्याजदर झपाट्याने खाली आणले. अर्थव्यवस्था सावरली, परंतु औषधाची मात्रा वेळीच कमी झाली नाही. वित्तीय तूट फुगलेलीच राहिली आणि २०१० मध्ये महागाई दोन आकडी झाली. २०१३ मध्ये फेडरल रिझर्व्हने रोखेखरेदी आवरती घेण्याचे नुसते सूतोवाच केले, तर येथे रुपया डॉलरमागे ६८ च्याही खाली घसरला. अमेरिकेचे चलन जग साठवून ठेवते. रुपयाला ते भाग्य नाही. म्हणूनच तिचे अनुकरण भारताला महाग पडते.

सरकारी खर्च आणि नवा पैसा मंदीची खाई उथळ करू शकतात. संपत्ती निर्माण करू शकत नाहीत. ती शेतात, कारखान्यात आणि श्रमिकाच्या हातातच निर्माण होते. कर्ज काढून रस्ते, पाटबंधारे उभारले तर पुढची पिढी ते फेडू शकेल; कर्ज काढून सण केला तर तिच्या वाट्याला केवळ व्याज येईल. महागाई हा कोणत्याही संसदेने मंजूर न केलेला कर आहे आणि तो सर्वाधिक भरतो तो पेन्शनवर जगणारा वृद्ध, रोजंदारीवरचा मजूर आणि पै पै साठवणारी गृहिणी. पुढच्या मंदीत तिजोरी उघडताना राज्यकर्त्यांनी ती कोणासाठी उघडतो आणि केव्हा बंद करणार, हे आधी सांगावे. ज्याच्या घामाचे पैसे आहेत, त्याला हा हिशेब मागण्याचा अधिकार आहे.