डस्ट कलेक्टर घ्या, पण पिशवी पाहून

कारागिराची मजुरी वेळेवर द्यावी, याबाबत आमचे बहुतेक कारखानदार बांधव दक्ष असतात. जुम्म्याची नमाज होण्यापूर्वी आठवड्याचा हिशेब चुकता करणारे उस्ताद आम्ही पाहिले आहेत. मात्र त्याच कारागिराच्या छातीत रोज किती लाकूड जाते, याची नोंद कोणाच्याही वहीत नसते. संध्याकाळी त्याच्या पापण्यांवर पावडर बसलेली असते, सकाळी खोकला असतो, आणि "धंद्यात हे चालायचेच" असे म्हणून विषय संपतो.

हे चालायचे नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीचा समावेश माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केला. नाक आणि नाकाभोवतीच्या पोकळ्या हे त्याचे ठिकाण. दमा आणि कातडीचे विकार तर कारागिरांना पुस्तक न वाचताही ठाऊक आहेत. एमडीएफमध्ये लाकडाच्या जोडीला फॉर्माल्डिहाइडचा डिंक असतो, आणि त्याची पावडर साध्या सागवानाच्या भुशापेक्षा कितीतरी बारीक असते. १९४८ च्या कारखाने कायद्याने धूळ जिथे निर्माण होते तिथेच ती ओढून घेण्याची सक्ती केली होती. पण विजेवर चालणाऱ्या, दहापेक्षा कमी माणसांच्या कारखान्याला तो कायदा सहसा लागूच होत नसे. आमचे बहुतेक गाळे त्याच मापाचे. म्हणून सरकारी माणूस येईल तेव्हा पाहू, ही वाट पाहण्यात अर्थ नाही.

आता ज्यांनी डस्ट कलेक्टर घ्यायचे ठरविले त्यांच्यासाठी. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न विचारला जातो तो "किती एचपी?" आमच्या मते पहिला प्रश्न "पिशवी किती मायक्रॉनची?" हा असायला हवा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. छातीत खोल उतरणारी धूळ १० मायक्रॉनपेक्षाही बारीक असते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. स्वस्त यंत्राबरोबर पुष्कळदा ३० मायक्रॉनची कापडी पिशवी येते. असे यंत्र जमिनीवरचा जाड भुसा उचलते, कारखाना झाडल्यासारखा दिसतो, मालक खूश होतो. आणि जी धूळ खरी मारक ती पिशवीच्या कापडातून गाळून पुन्हा कारागिराच्या तोंडावर फुंकली जाते. पैसे देऊन विकत घेतलेला हा धोका आहे. एका परिचिताच्या गाळ्यात आम्ही रात्री दिवे मालवून चालू यंत्राच्या पिशवीमागे टॉर्च धरली. त्या प्रकाशात जो धूर दिसला तो पाहून त्यांनी दुसऱ्याच दिवशी १ मायक्रॉनची पिशवी मागविली. टॉर्चचा हा प्रयोग ज्याने त्याने करून पाहावा, त्याला खर्च नाही.

दुसरी गोष्ट हवेची. नळीत भुसा न साचता वाहण्यासाठी हवेचा वेग मिनिटाला सुमारे ४००० फूट लागतो. ४ इंची पाइपात याचा अर्थ मिनिटाला सुमारे ३५० घनफूट हवा. पत्रकावर याच्या दुप्पट आकडा छापलेला असला तरी तो बहुधा पाइप आणि पिशवी न लावता मोजलेला असतो. म्हणून दुकानदाराला पाइप जोडून, आपल्याच रंधा मशीनवर यंत्र चालवून दाखवायला सांगावे. जो नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊ नये. वळ्यांचा लवचिक पाइप जितका आखूड तितका बरा. गाळाभर वीस फूट पाइप फिरवला की निम्मी ओढ वाटेतच मरते.

इथे एक चूक फार होते. हातातल्या सँडरला किंवा राउटरला हेच मोठे यंत्र रिड्यूसर लावून जोडतात. ते काम देत नाही. पिशवीवाले यंत्र रुंद पाइपातून भरपूर हवा नेते, पण त्याच्या ओढीत जोर कमी असतो. बारीक तोंडाच्या हत्याराला जोरदार ओढीचा, चांगल्या फिल्टरचा व्हॅक्यूम क्लीनरच लागतो. ज्याचे सारे काम एमडीएफ आणि सँडिंगचे आहे त्याने आधी तोच घ्यावा, मोठे यंत्र मागाहून. दोन्ही एकदम घेण्याची ऐपत नसेल तर व्याजी हप्त्याच्या फंदात पडण्याचे कारण नाही. रांगेतल्या दोघा-तिघांनी मिळून चाकांवरचे एक यंत्र घेतले तरी चालते. फक्त पिशवी कोणी झटकायची हे आधीच ठरवावे, नाहीतर भांडण तिथूनच सुरू होते. निम्म्याच्या वर भरलेली पिशवी ओढ मारते.

यंत्राआधी झाकणाचा एक ड्रम बसविला तर जाड भुसा आणि चुकून आलेला खिळा तिथेच पडतो, पंख्यापर्यंत जात नाही. खिळा पंख्यावर आपटून ठिणगी उडाली तर पिशवीतला कोरडा भुसा पेटायला वेळ लागत नाही. याच कारणाने लोखंड घासण्याचा ग्राइंडर या पाइपाला कधीही जोडू नये, आणि यंत्राला अर्थिंग हवेच.

कंप्रेसरच्या हवेने अंगावरची आणि मशीनवरची धूळ उडविण्याची सवय मात्र यंत्र आल्यावरही जात नाही, असा आमचा अनुभव आहे. दिवसभर पकडलेली धूळ त्या दोन मिनिटांत पुन्हा हवेत जाते. आणि जमा झालेला भुसा कोंबड्यांच्या शेडला विकणाऱ्यांनी एमडीएफची पावडर वेगळ्या गोणीत भरावी. ती त्या मालात मिसळून देऊ नये.