आधी धूर बघा, मग पाकीट उघडा!

घाटात गाडी काळा धूर ओकायला लागली, की गॅरेजमध्ये एकच वाक्य ऐकू येतं, ‘टर्बो गेला!’ आमच्या जुन्या डिझेल गाडीचं हेच झालं. बाबा पैशांची जुळवाजुळव करायला लागले. दुसऱ्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं, तर इंटरकूलरचा पाइप फाटलेला! तो बदलला आणि धूर थांबला.

म्हणून म्हणते, आधी धुराचा रंग बघा. काळा असेल तर डिझेल जास्त आणि हवा कमी पडतेय. मग एअर फिल्टर, पाइप, इंजेक्टर तपासा. निळा असेल तर ऑइल जळतंय. इथे टर्बोच्या सीलवर संशय घ्याच, पण पिस्टन रिंग आणि व्हॉल्व्ह सीलही बघा. थंडीत सकाळी थोडा वेळ पांढरं दिसलं, तर ती नुसती वाफ. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येतोय आणि कूलंट कमी होतंय? मग हेड गॅस्केट तपासायला सांगा.

‘पीयूसी आहे ना’ म्हणून निवांत राहू नका. ती चाचणी धूर किती आहे ते सांगते, का आहे ते नाही. आणि तो धूर मागून टू-व्हीलरवर येणारे आपणच खातो.

टर्बो खरंच गेला असेल तर बदला. पण आधी पाइप काढून शाफ्टला प्ले किती आहे, ते डोळ्यांसमोर दाखवायला सांगा. मोबाइल घेताना आपण दहा रिव्ह्यू बघतो. मग घरचे हजारो रुपये एका वाक्यावर का सोडायचे?