पाडव्याच्या गाठी आणि अब्बांचा रोजा

गेल्या आठवड्यात तास संपल्यावर एक विद्यार्थी मागे थांबला. त्याच्या वडिलांचे कर्जतच्या बाजारात बांगड्या-कटलरीचे लहानसे दुकान आहे. होळीला तिथे रंग-पिचकाऱ्या येतात, पाडव्याला साखरेच्या गाठी, श्रावणात राख्या, मग गणपतीच्या सजावटीचे सामान. पार कोंडाण्यापर्यंतच्या गावांतले गिऱ्हाईक ठरलेले. कुणीतरी त्याला मोबाइलवर एक भाषण पाठवले होते : दुसऱ्यांच्या सणाचा माल विकणाऱ्याची कमाई हराम. "सर, अब्बा रोजा ठेवून गाठी विकतात. त्यांचा रोजा कबूल होईल ना?"

यंदा होळी, रंगपंचमी आणि १९ मार्चचा पाडवा, सगळे रमजानातच आले, म्हणून प्रश्न टोचला असावा. विक्रीने रोजा तुटत नाही, हे त्याला लगेच सांगितले. कमाईचे उत्तर मात्र एका वाक्यात देण्यासारखे नाही, कारण त्यावर फिकहच्या, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या, जाणकारांत खरोखर मतभेद आहेत.

इस्लामपूर्व अरबस्तानात हजच्या दिवसांत उकाज, मजन्ना आणि जुल-मजाज इथे मोठे बाजार भरत, आपल्या जत्रेसारखेच. इस्लाम स्वीकारल्यावर प्रेषितांच्या सोबत्यांना तिथे व्यापार करणे पाप वाटू लागले. तेव्हा त्या दिवसांत रोजी शोधण्यात दोष नाही, असा खुलासा कुरआनच्या दुसऱ्या अध्यायात (आयत १९८) आला. खुद्द प्रेषितांचे (स.) निधन झाले तेव्हा त्यांचे चिलखत घरच्या जवासाठी मदिनेतल्या एका यहुदी माणसाकडे गहाण होते. देवाणघेवाणीला धर्माची भिंत नव्हती.

इतर धर्मीयांच्या सणाच्या बाजारात जावे का? नवव्या शतकातल्या इमाम अहमद यांचे मत होते की खरेदी-विक्रीसाठी जायला हरकत नाही, त्यांच्या प्रार्थनास्थळात शिरू नये. त्यांच्याच परंपरेतले इब्न तैमिया (मृत्यू १३२८) अधिक कडक. बाजारात जा, पण सणाला हातभार लागेल असा माल विकू नका, असे ते म्हणतात. त्या भाषणात हेच मत होते. फक्त ते एकमेव मत असल्यासारखे सांगितले होते.

इमाम अबू हनीफा यांचा विचार निराळा. द्राक्षाचा रस विकला आणि घेणाऱ्याने त्याची दारू केली, तर ती त्याची करणी. रसात पाप नाही. त्यांच्या दोन प्रमुख शिष्यांनाही हे पूर्ण पटले नव्हते. शाफई पंथाचे विद्वान तर विचारतात, घेणारा त्याचे काय करणार हे विक्रेत्याला पक्के ठाऊक होते का? कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई, घाटावरचे बहुतांशी हनफी. घाटाच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या तालुक्यात दोन्ही चर्चा ऐकू येतात.

एक गोष्ट हिंदू वाचकांपासून लपवू नये. दारू, डुकराचे मांस आणि पूजेच्या मूर्ती यांची विक्री मुसलमानाला मना आहे, याची हदीस स्पष्ट आहे. यात मूर्तीचा अपमान नाही. जे आपल्या श्रद्धेत बसत नाही त्यावर पोट भरू नये, इतकेच. पण रंग, बांगडी, राखी, गाठ? साखर ती साखरच. मला इथे अबू हनीफा पटतात. इब्न तैमियांचे मत मानून कुणी गाठी ठेवल्या नाहीत तर तो त्याचा तक्वा, त्याची सावधगिरी. शेजाऱ्याच्या कमाईला हराम म्हणण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकाने लावू न देण्याचा ठराव केला. गटविकास अधिकाऱ्यांनी तो रद्द ठरवला, तरी धंदा करणाऱ्यांच्या मनातली धास्ती जायला वेळ लागतो. अशा वेळी आपल्यातलेच भाषणबाज त्याच दुकानदाराला आतून बाजार सोडायला सांगत आहेत. एक म्हणतो त्यांच्याकडून घेऊ नका, दुसरा म्हणतो त्यांना विकू नका. दोघांच्या मधे दुकान कुणाचे बंद होते?

विद्यार्थ्याला मी विचारले, अब्बा मूर्ती ठेवतात का? नाही म्हणाला. गणपतीत कुणी मागितली तर चार दुकाने पलीकडच्या काकांकडे पाठवतात, आणि ते काका बांगड्यांचे गिऱ्हाईक इकडे.