डोळ्यांखालची गाठ चोळू नका, लपवू नका

डोळ्यांखालचा खळगा भरणारं फिलरचं इंजेक्शन घेऊन महिना-दोन महिने झालेत आणि आता तिथं बोटाला गाठ लागते, सकाळी उठल्यावर पिशव्या लोंबल्यासारख्या दिसतात, असं असेल तर दोन गोष्टी आजच थांबवा. ती जागा चोळणं बंद करा. आणि ‘अजून थोडं भरून सारखं करून देतो’ असं कुणी म्हटलं तर सरळ नाही म्हणा. गाठीच्या शेजारी आणखी भरलं की दोन दिवस बरं वाटतं, पण पुढे निस्तरायला तेवढंच जड जातं.

डोळ्यांखालची कातडी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. तिच्याखाली चरबी जवळजवळ नाहीच, लगेच पापणी मिटणारा स्नायू. गालावर खपून जाणारा थेंब इथं उठून दिसतो. त्यात फिलरमधलं हायलुरोनिक ॲसिड पाणी धरून ठेवतं. सुई वरवर राहिली किंवा माल जास्त पडला, की गाठ दिसते किंवा कातडीतून निळसर पट्टा झळकतो. हा निळा पट्टा नीट ओळखायला हवा, कारण अनेकजणी त्याला काळं वर्तुळ समजून त्यावर कन्सीलर थापतात, कधी पुन्हा फिलरही घेतात. सुईने साकळलेलं रक्त हिरवं-पिवळं होत दोनेक आठवड्यांत जातं. हा निळा रंग मात्र जागचा हलत नाही.

सूज वेगळी. ती सकाळी जास्त, संध्याकाळी कमी. रात्री पापड-लोणचं जास्त झालं की दुसऱ्या दिवशी आणखी. ती इंजेक्शननंतर कित्येक महिन्यांनीही सुरू होऊ शकते. ‘इतक्या दिवसांनी फिलरमुळे कसं होईल, ते तर विरघळलं असणार’ हे उत्तर ऐकून गप्प बसू नका. सहा महिने ते वर्षभर टिकतं असं सांगितलेलं फिलर कित्येक वर्षांनी एमआरआयमध्ये दिसलेलं आहे.

पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांची थोडी सूज चालते. त्यानंतरही गाठ राहिली तर डॉक्टरांकडे परत जा. फिलर हायलुरोनिक ॲसिडचं असेल तर हायलुरोनिडेज नावाच्या इंजेक्शनने ते विरघळवता येतं. परिणाम बहुधा एक-दोन दिवसांत कळतो, काहींना ते पुन्हा घ्यावं लागतं. त्याची ॲलर्जी येऊ शकते, म्हणून मधमाशी चावल्यावर कधी तुम्हाला जोराची रिॲक्शन आली असेल तर ते आधी सांगा. विरघळवल्यावर डोळे काही काळ जास्त खोल दिसतील, याची मनाची तयारी ठेवा. सिलिकॉनसारखं कायमचं फिलर मात्र असं विरघळत नाही. म्हणून काय टोचलं याची नोंद तुमच्याकडे हवी. सिरिंजच्या खोक्यात नाव आणि लॉट नंबर असलेलं स्टिकर येतं, ते आपल्या केसपेपरवर चिकटवून घ्या. खोकं तुमच्यासमोर फोडायला लावा. मैत्रिणीची उरलेली अर्धी सिरिंज कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

गाठ लाल, गरम, दुखरी झाली तर तिथं जंतुसंसर्ग असू शकतो. शेकू नका, दाबू नका, मेडिकलमधून स्टेरॉइडची ट्यूब आणून लावू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि इंजेक्शन घेताना किंवा घेतल्यावर कातडी पांढरी पडली, जांभळी जाळी उमटली, असह्य दुखलं किंवा नजर अंधुक झाली, तर रक्तवाहिनी बंद झाली असण्याची शक्यता आहे. डोळ्याच्या पडद्याचा रक्तपुरवठा तुटला तर हाताशी तास-दीड तास असतो. सकाळपर्यंत थांबू नका.

ज्यांनी अजून घेतलेलं नाही त्यांनी आरशासमोर, समोरून उजेड घेऊन उभं राहावं. काळेपणा उजेडात कमी झाला तर ती खळग्याची सावली असू शकते. रंग तसाच राहिला तर तो बहुधा कातडीचाच, आणि आपल्याकडे तो अनेकदा आईकडून-वडिलांकडून आलेला किंवा ॲलर्जीने डोळे चोळून वाढलेला असतो. फिलरने रंग जात नाही. पिशव्या आधीच असतील तर त्या वाढूही शकतात. लग्न आठवड्यावर आलंय म्हणून तर मुळीच घेऊ नका. पार्लरमध्ये घेऊ नका. बिनसुईच्या पेनने फिलर भरण्याविरुद्ध अमेरिकेच्या एफडीएने 2021 मध्येच इशारा दिला आहे. त्वचारोगतज्ज्ञ, प्लास्टिक सर्जन किंवा पापण्यांची शस्त्रक्रिया करणारे नेत्रतज्ज्ञ यांच्याकडेच जा, मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा, आणि ‘गाठ झाली तर विरघळवायचं इंजेक्शन इथं ठेवलेलं आहे का?’ हेही विचारा. उत्तर नाही असं आलं तर तिथून उठा.

घरच्यांनाही एक विनंती आहे. ‘हौस केलीस, आता भोग’ या वाक्याच्या भीतीने मुली गाठ महिनोन् महिने लपवतात, आणि लाल झालेली गाठही अंगावर काढतात. पैसे किती गेले हे नंतर विचारा. आधी तिला डॉक्टरकडे घेऊन जा.