फाशाला वय कळत नाही

खेळण्यांच्या दुकानात गेलेल्या आईबाबांना हल्ली एकच प्रश्न पडलेला असतो: यातून मूल शिकणार काय? त्यामुळे खोक्यावर बुद्धी, स्मरणशक्ती, एकाग्रता असे शब्द छापलेले खेळ आधी उचलले जातात आणि सापशिडीचा घडीचा पट कोपऱ्यात पडून राहतो. तिच्यावरचा आक्षेप साधा आहे, आणि खराही आहे. सापशिडीत खेळणाऱ्याने ठरवायचे असे काहीच नसते. जितके दान पडेल तितकी घरे सोंगटी सरकवायची, शिडी लागली की चढायचे, सापाने गिळले की उतरायचे. हुशारी, अनुभव, सराव यांतले काहीही कामाला येत नाही. माझे म्हणणे असे की, लहान मुलांच्या घरात या खेळाला जागा हवी ती नेमक्या याच उणिवेसाठी. चार ते सात वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्या बरोबरीने, कुणीही कुणाला न फसवता खेळता येईल असे खेळ मुळात थोडे. त्यांतला हा सर्वांत सोपा.

बरोबरी ही इथे भावनेची नव्हे, हिशेबाची गोष्ट आहे. चौघे खेळत असतील तर आजोबा, आई, दहावीतला दादा आणि बालवाडीतली धाकटी, प्रत्येकाला जिंकण्याची संधी चारात एक. पहिले दान टाकणाऱ्याला मिळणारा किंचित फायदा सोडला तर यात कुणाचेच पारडे जड नाही. बुद्धिबळात, पत्त्यांत, अगदी कॅरममध्येही ही संधी वयाप्रमाणे वाटली जाते. तिथे धाकट्याला खेळात घ्यायचे तर दोनच मार्ग उरतात. एक तर त्याला लिंबूटिंबू करायचे, म्हणजे तो खेळतो पण धरला जात नाही. नाहीतर मोठ्यांनी मुद्दाम हरायचे. पहिल्यात मुलाचा मान जातो आणि दुसऱ्यात खेळाचा. बाबा सोंगटी मुद्दाम चुकवतात हे मुलांना आपण समजतो त्यापेक्षा लवकर कळते आणि त्या दिवसापासून आपला प्रत्येक विजय त्यांना संशयास्पद वाटू लागतो. सापशिडीत या नाटकाची गरजच नाही. तिथे धाकटी जिंकली तर खरोखर जिंकलेली असते. आजोबांना तिला जिंकू द्यावे लागत नाही, ते तिच्याशी खरोखर हरलेले असतात.

हरण्याचे काय, हा पुढचा प्रश्न. या खेळात मुले रडतात, पट उधळून लावतात, रडीचा डाव खेळतात, अशी अनेक पालकांची तक्रार असते. ती खोटी नाही. चौघांच्या खेळात एखादे मूल ओळीने पाच डाव हरण्याची शक्यता चारातल्या एकीपेक्षा थोडीशीच कमी आहे. सहा पडल्याशिवाय सोंगटी बसत नाही असा नियम घरात असेल, तर दर तिघांतल्या एकाला पहिल्या सहा पाळ्यांत नुसते बघत बसावे लागते. म्हणजे ठेचा लागणारच. पण त्या कशा प्रकारच्या आहेत हे पाहिले पाहिजे. धावण्याच्या शर्यतीत मागे पडलेल्या मुलाला कुणी काही बोलले नाही तरी एक निकाल ऐकू येतो: तू कमी पडलास. अठ्ठ्याण्णवाच्या घरातल्या सापाने खाली आणलेल्या मुलाबद्दल असा कोणताही निकाल देता येत नाही. त्याने चूक केलेली नाही आणि समोरच्याने हुशारीही दाखवलेली नाही. हार म्हणजे आपल्या लायकीवरचा शेरा नव्हे, हे सांगणारे उपदेश मुलांना पुष्कळ मिळतात. ते अर्ध्या तासात चार वेळा अनुभवायला देणारा खेळ मात्र हाच. जिंकणाऱ्यालाही इथे फुशारकी मारायला फारशी जागा उरत नाही.

काही जण म्हणतील, जुन्या पटाला निदान नीतीची बैठक होती, ती गेली आणि उरला तो पोकळ खेळ. आपल्याकडे मोक्षपट या नावाने आणि उत्तरेत ज्ञानचौपड म्हणून हा खेळ होता. परंपरा मोक्षपटाचे नाते ज्ञानेश्वरांशी जोडते. जैन पटांत ८४ घरे आढळतात, वैष्णव पटांत ७२. दया आणि विवेक यांसारख्या घरांतून शिड्या निघत, ईर्ष्या आणि अहंकार यांच्या घरांत साप असत. इंग्रजांनी तो उचलला. १८९२ मध्ये लंडनला त्याची विलायती आवृत्ती निघाली, तीही सुरुवातीला सद्गुण-दुर्गुणांच्या चित्रांसह. १९४३ मध्ये अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीने सापांच्या जागी घसरगुंड्या आणल्या. हळूहळू बहुतेक पटांवर नुसते आकडे राहिले. तरी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जुन्या पटावरही खेळणारा दया निवडत नव्हता की अहंकार टाळत नव्हता. त्याला तिथे नेऊन ठेवत होता तो फासाच. नीती पटावर लिहिलेली होती आणि ती खेळता खेळता वाचली जाई, त्यावर बोलणे होई. खेळाची यंत्रणा तेव्हाही दानाचीच होती. त्यामुळे आजची सापशिडी जुन्या खेळाचे भ्रष्ट रूप आहे, हे म्हणणे टिकत नाही. वरची चित्रे गेली, खेळ तोच राहिला.

याहून गंभीर आक्षेप आहे तो नशिबाचा. फाशावर भरवसा ठेवायला शिकलेले मूल पुढे दैववादी होईल, जुगाराकडे वळेल, ही भीती आपल्याकडे स्वाभाविक आहे. युधिष्ठिराचे द्यूत आपल्याला लहानपणीच सांगितलेले असते. पण त्या सभेत अनर्थ झाला तो पणामुळे. राज्य, भाऊ, द्रौपदी यांतले काही पणाला लावले नसते तर तो एक कंटाळवाणा दुपारचा डाव ठरला असता. आपल्या कायद्यानेही आता हाच धागा पकडला आहे. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, तेव्हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा भेद बाजूला ठेवला. कळीचा मुद्दा पैशांचा मानला. घरच्या पटावर चॉकलेटसुद्धा पणाला लावू नये, एवढे पथ्य पाळले की जुगाराची भीती निम्म्याहून अधिक ओसरते. राहिला दैववाद. जिथे नशीब लपलेले असते तिथे तो बळावतो, कारण तिथे माणूस प्रत्येक घटनेमागे कुणाची तरी इच्छा किंवा कोप शोधू लागतो. सापशिडीत नशीब उघड्यावर असते, सहा बाजूंचा एक ठोकळा होऊन. ‘फुंकर मारली की सहा पडतो’ असे म्हणणाऱ्या मुलाला वीस वेळा फुंकर मारून दाने लिहायला सांगावे. दैववादावर इतका स्वस्त उतारा दुसरा नसेल.

आणि शिकण्याचाच हिशेब मांडायचा तर सापशिडी तिथेही मागे नाही. अमेरिकेत रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी यांनी २००८ मध्ये गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका रेषेत आकडे मांडलेल्या पटावर दोन आठवड्यांत एकूण तासभर खेळलेल्या मुलांची संख्यांची समज वाढली. आकड्यांऐवजी रंग असलेल्या पटावर खेळलेल्यांची तशी वाढली नाही. पुढे २०१४ मध्ये एलिडा लास्की आणि सीगलर यांनी शंभर घरांचा पट घेतला आणि एक बारीक पण कामाची गोष्ट दाखवली. मुलांनी घरातला आकडा उच्चारत पुढे मोजले तर फायदा होतो, प्रत्येक दानाला ‘एक, दोन, तीन’ केले तर होत नाही. म्हणजे सोंगटी सदतिसावर असेल आणि तीन पडले, तर ‘अडतीस, एकोणचाळीस, चाळीस’ असे म्हणत न्यायची. मराठी मुलांना याची गरज जास्तच. आपले एकोणचाळीस आणि एकोणपन्नास अनेक मुलांना छळतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’सारखे वाचन आले आणि केवढा वाद झाला! पटावर एकोणचाळीस चाळिसाच्या शेजारी बसलेला असतो. ते नाते तोंडाने आणि बोटाने एकाच वेळी पक्के होते.

उरतो कंटाळा, आणि तो बहुधा मोठ्यांचा असतो. मिल्टन ब्रॅडलीच्या पटाचे गणितज्ञांनी केलेले गणित सांगते की एकट्या सोंगटीला शंभर गाठायला सरासरी सुमारे ३९ दाने लागतात आणि नशीब जोरावर असेल तर सातांतही काम भागते. मधले काहीच हातात नसल्याने मोठा माणूस हळूच हात घालू लागतो. फासा उलटवतो, ‘तो साप धरायचा नाही’ म्हणतो, लेकीला एक जादा दान देतो. यातला हेतू प्रेमळ असला तरी खेळाची एकमेव किंमत, फाशाचा निःपक्षपातीपणा, तिथेच बुडते. नियम सुरुवातीला हवे तितके सोपे करावेत, सहाची अट खुशाल काढावी, पण डाव सुरू झाल्यावर फाशाला हात लावू नये.

सापशिडी आयुष्यभर खेळायची नाही हे मात्र उघड आहे. कधीतरी मूल स्वतःच कुरकुरते की, यात मला काही करताच येत नाही. टीकाकारांचा आक्षेप तेव्हा त्याला स्वतःला सापडलेला असतो आणि तो खेळूनच सापडलेला असतो. त्या कुरकुरीवर रागावू नये, तिची वाट पाहावी. ती ऐकू आली की आपल्याकडच्या बहुतेक पटांच्या दुसऱ्या बाजूला छापलेला ल्युडो उघडावा. तिथे फासा राहतो, पण कोणती सोंगटी हलवायची हे आपल्याला ठरवावे लागते. त्यापुढे बुद्धिबळ आहेच. दान आणि डाव यांतला फरक ज्याला असा पायरीपायरीने कळला, त्याला पुढे परीक्षेत, नोकरीत, निवडणुकीतही कोणते यश कमावलेले आणि कोणते नुसते पडलेले, हे विचारायची सवय लागण्याची शक्यता अधिक. चार-सहा वर्षांच्या वयात एवढी तयारी करून देणाऱ्या खेळाकडून आणखी वेगळे काही शिकण्याची अपेक्षा आपण कशाला धरावी?